अक्का, पिक्चरनंतर तुम्ही बाजू बदललीत

अक्का,

काल दुपारी शिरपूरहून शैलाबाई दारावर आल्या. 'कोण शैलाबाई?' असं तुम्ही विचारणार, हे मला माहीत आहे. नऊ वर्षं त्यांचं नाव निघालं की तुम्ही हेच विचारायचात, आणि तेही माझ्याकडे न बघता. शाळेच्या स्टाफरूममध्ये बावीस वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई. विज्ञान प्रदर्शनात कोणाच्या वर्गाचा प्रयोग पुढं पाठवायचा यावरून तुमचं दोघींचं बिनसलं, आणि दोघी रिटायर झालात तरी ते सरळ झालं नाही.

त्या सतरंजीवर बसल्या. तुमच्या फोटोकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. किती दिवस आजारी होती, असं विचारलं. मी म्हणाले, सहा महिने. मग त्या म्हणाल्या, "तिला माहीत होतं का?"

तुमचा बापू लगेच पुढं सरसावला. शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही, म्हणाला. पोटातल्या सुजेवर औषध चालू आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. आल्यागेल्या प्रत्येकाला तो हे सांगतो आणि अभिमानाने सांगतो. मोठ्या बहिणीसाठी आपण काहीतरी केलं, असं त्याला मनापासून वाटतं. लोकही मान हलवतात, म्हणतात बरं केलं. शैलाबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप गोळा केले आणि आत गेले.

निघताना त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. "माहीत असतं तर ती आली असती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "नाहीतर भांडायला तरी मला बोलावलं असतं तिनं." मग त्या चपला शोधायला लागल्या. एक चप्पल ढिगाखाली गेली होती, ती मी काढून दिली.

आज बारावा दिवस. मला अजून रडू आलेलं नाही. धुळ्याच्या देवपुरातल्या तुमच्या ओळखीच्या बायका एकमेकींना खुणावतात, ते मला दिसतं. भावजय कोरडी आहे, असं त्यांचं मत झालेलं आहे. मी त्यांना चहा करून देते, पिंप भरते, कोण आलं कोण गेलं ते बापूला सांगते. काल सकाळी तुमच्या कपाटातली सगळी औषधं काढली आणि एक्स्पायरीच्या तारखेप्रमाणे ओळीने लावली. लावून झाल्यावर लक्षात आलं की आता ती कोणी घेणार नाही. मग पुन्हा आहे तशीच आत ठेवून दिली.

परवा पांझरेच्या काठी दहावं झालं. पिंड ठेवला आणि लगेच कावळा शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. काही इच्छा राहिली नाही, समाधानाने गेल्या, असं जो तो म्हणत होता. बापूने डोळे पुसले. मी तिथं उभी राहून एवढाच विचार करत होते की कावळ्याला भूक लागली असेल. तुम्ही असतात तर तुम्ही हेच म्हणाला असतात, आणि मोठ्याने म्हणाला असतात.

आम्ही सगळ्यांनी मिळून लपवलं, असं बापू सांगतो. ते खरं नाही. बापूने फक्त ठरवलं. लपवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी तुम्ही बाहेर नर्सजवळ वजन करत होतात आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर दाखवलं, कुठून सुरू झालं आहे आणि कुठवर गेलं आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल, पाच-सहा महिने. पेशंटशी मी बोलू का, असं त्यांनी विचारलं. बापू म्हणाला, तिला सांगू नका. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फार्मसी शिकलेली, जळगावात मेहरूणला माझं स्वतःचं मेडिकल, तेव्हा त्यांना वाटलं असेल की ही तरी काही वेगळं बोलेल. मी म्हणाले, हो, नको. तेवढ्यात तुम्ही दार ढकलून आत आलात आणि त्यांचा काटा एक किलो कमी दाखवतो म्हणून डॉक्टरांना ऐकवलंत.

आता अडचण अशी होती की तुम्ही औषधाच्या स्ट्रिपवरचं प्रत्येक अक्षर वाचणाऱ्या. चष्मा कपाळावरून खाली ओढायचा, नाव वाचायचं, घटक वाचायचे आणि मग मला उलटतपासणी. म्हणून मी मेडिकलच्या मागच्या खोलीत बसून कॅन्सरच्या गोळ्या स्ट्रिपमधून एकेक करून काढायचे आणि कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरायचे. अठरा वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आले की गोळी स्ट्रिपमधून काढून ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी मी हातमोजे घालून तेच करत होते.

तुम्ही एकदा विचारलंत की कॅल्शियमची गोळी खडूसारखी असते, ही गुलाबी आणि गुळगुळीत कशी. मी म्हणाले, नवीन कंपनी आहे. तुम्ही 'अस्सं' म्हणालात. एका चुकलेल्या दशांश चिन्हावरून अख्ख्या वर्गाची कॉपी पकडणारी बाई 'अस्सं' म्हणाली आणि गोळी गिळून मोकळी झाली. मग तुमच्या तळपायांची साल निघायला लागली. मी म्हणाले, औषध उष्ण पडतंय. तुम्ही तूप चोळत बसलात.

रिपोर्टही मीच वाचून दाखवायचे. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं की कागद माझ्या मोबाइलवर यायचा. तुमच्या डोळ्यांना बारीक अक्षर त्रास देतं या नावाखाली तो मीच वाचायचे. सकाळी तुमची कळण्याची भाकरी ताटात असायची आणि मी समोर बसून आकडे सांगायचे. हे बरं आहे, हे थोडं कमी आहे, हे मागच्यापेक्षा सुधारलं. त्यातले अर्धे मी तिथल्या तिथं बनवलेले असायचे. बनवताना आवाज कसा ठेवायचा, तेही मला जमायला लागलं होतं.

अक्का, तुम्हाला यातून काय आठवलं असेल, ते मला ठाऊक आहे. मलाही रोज तेच आठवत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तुम्ही मला ती कादंबरी दिलीत. नणंद साडी देते, तुम्ही ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं अनुवादित पुस्तक दिलंत, आणि वाचून मत सांग म्हणालात. मला वाटलं, परीक्षाच आहे. आमच्याकडे रावेरला पुस्तक म्हणजे अभ्यासाचं, ते परीक्षेनंतर रद्दीत. मी भीतभीत वाचलं. दूरच्या एका ग्रहावर वस्ती करायला निघालेलं जहाज, चारशे माणसं, कितीतरी वर्षांचा प्रवास. त्या ग्रहावर आधीच पाठवलेली यंत्रं तिथली खबर जहाजाला कळवत असतात, आणि ती खबर घेणारी एक बाई. आपण दोघी तिला वायरलेसवाली म्हणायचो. रोज सकाळी ती भोंग्यावरून सगळ्यांना सांगते, आज आपल्या ग्रहावर पाऊस पडला, आज वारं पश्चिमेचं आहे. लोक ते ऐकून कामाला लागतात. मग एक दिवस तिला कळतं की तिथली हवा नासली आहे, तिथं माणूस जगणार नाही. जहाज मागं फिरवता येत नाही. तिच्याशिवाय कोणाला हे माहीत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठते आणि भोंग्यावरून सांगते, आज आपल्या ग्रहावर ऊन आहे. आणि मग मरेपर्यंत रोज काहीतरी बनवून सांगत राहते.

मी तुम्हाला मत सांगितलं की बाईने बरोबर केलं. जहाजावरची मुलं हसतखेळत होती, मोठी माणसं कामाला लागत होती. सांगून काय मिळणार होतं. तुम्ही एवढ्या चिडलात की तुमच्या हातातला चहा सांडला. जो मरणार आहे त्याला ते आधी कळलं पाहिजे, ते दुसऱ्या कोणाचं नाही, असं तुमचं म्हणणं. चारशे माणसांनी काय करायचं ते एकटीने ठरवलं, हा माज आहे, असंही म्हणालात. मी घाबरले नाही, ही एक गंमतच झाली. सासरच्या माणसांत मी ज्यांच्याशी न घाबरता भांडले, त्या तुम्ही पहिल्या.

मग ते भांडण वीस वर्षं चाललं. भरताची वांगी भाजताना, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना, एकदा तर कोणाच्या तरी लग्नात पंगतीत. बापू म्हणायचा, ती बाई पुस्तकातली आहे, तुम्ही दोघी खरंखुरं काय भांडता. पण मला ते भांडण हवं असायचं. पुस्तकातल्या गोष्टीवर माझं मत काय, असं आयुष्यात तुमच्याशिवाय मला कोणीही विचारलं नाही. मेडिकल टाकायचं तेव्हाही घरात सगळे कुरकुरत होते. तुम्ही धुळ्याहून आलात, काउंटरमागे उभ्या राहिलात, उंची बरोबर आहे म्हणालात आणि विषय संपला. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती.

एकदाच तुम्ही मला सांगितलंत की तुम्ही त्या वायरलेसवालीवर एवढ्या का चिडता. तुमच्या वडिलांना, आबांना, कॅन्सर होता, तेव्हा त्यांना सांगायचं नाही असं घरात ठरलं, आणि सगळ्यात जास्त शिकलेल्या म्हणून आबांशी खोटं बोलायचं काम तुमच्याकडे आलं. आबा शेवटच्या आठवड्यापर्यंत विहिरीवर नवीन मोटर बसवायचं बोलत होते. तुम्ही उशाशी बसून कोणती मोटर घ्यायची ते त्यांच्याबरोबर ठरवत होतात. हे सांगताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. "मन्हासंगे कोणी असं करं, तर मी त्याले माफ नही करावं," असं म्हणालात आणि उठून मोरीत गेलात.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. तुमचं मत माहीत होतं, ते कुठून आलं तेही माहीत होतं, आणि तरी त्या डॉक्टरांसमोर मी 'हो, नको' म्हणाले. तुमच्यावर दया आली म्हणून नाही. माझं मत वायरलेसवालीच्या बाजूचं होतं म्हणूनही नाही. सांगितल्यावर तुमचा चेहरा कसा होईल, तो मला बघायचा नव्हता. एवढंच कारण होतं. हे मी बापूलाही सांगितलेलं नाही.

त्या कादंबरीवर पिक्चर आला, तो तुमच्या आजाराचा चौथा महिना. ट्रेलर तुम्हीच मोबाइलवर पाहिलात आणि मला हाक मारलीत. मोठ्या पडद्यावरच बघायचा, घरी नाही, असं तुम्ही जाहीर केलंत. तेव्हा तुम्ही तपासणीसाठी जळगावला आमच्याकडेच होतात. वजन बरंच उतरलं होतं, जिना चढताना दोनदा थांबायचात. बापू नको म्हणत होता. मी म्हणाले, जाऊ द्या, त्यांची इच्छा आहे. असं मरायला टेकलेल्या माणसाबद्दल बोलतात, हे बोलून गेल्यावर लक्षात आलं. तुम्ही पलीकडे साडीच्या निऱ्या करत होतात.

बाराचा शो, हिंदीत डब केलेला. थिएटरमध्ये पंधरा-वीस माणसं. एसीमुळे तुम्ही शाल डोक्यावरून घेतली होती आणि गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याशी भांडून शेव-मुरमुऱ्यांचा डबा आत आणला होतात. पहिल्या दहा मिनिटांत जहाजाजवळ काहीतरी फुटलं, मोठा धमाका झाला, आणि तुम्ही भर थिएटरमध्ये म्हणालात की पोकळीत आवाज होत नाही. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलींनी वळून पाहिलं. तुम्ही त्यांनाही सांगितलंत. मध्यंतरात त्या तुमच्याजवळ येऊन बसल्या आणि तुम्ही त्यांना डब्यातले मुरमुरे देत प्रकाशवर्ष शिकवलंत. मी समोसे घेऊन आले तेव्हा तुमचा तास रंगात आला होता. मी तुम्हाला इतकं खूश किती दिवसांनी पाहत होते. तुमच्या आजाराचं नाव मला तेवढ्या वेळात एकदाही आठवलं नाही, त्यासाठी मी त्या पिक्चरची आभारी आहे.

दीडला तुमच्या गोळीची वेळ झाली. मी पर्समधून बाटली काढली, अंधारात तुमच्या तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं. पडद्यावर वायरलेसवाली भोंग्यासमोर बसली होती. आपल्या दोघींना पुढचं पाठ होतं. ती म्हणणार होती, आज आपल्या ग्रहावर ऊन आहे. ती नटी काम चांगलं करत होती. तिने भोंगा जवळ ओढला. मग तिने सांगून टाकलं. सगळं. तिथली हवा नासली आहे, आपण कोणी तिथं राहू शकणार नाही, मला कालपासून माहीत आहे.

पुस्तकात हे नाही. पिक्चरवाल्यांनी बदललं. चारशे माणसं आहेत तिथं उभी. मग एक म्हातारा शेजारच्याला विचारतो की जेवण नेहमीच्याच वेळी आहे ना. मग लोक हळूहळू हलायला लागतात. कोणी पत्र लिहायला बसतं, कोणी भांडलेल्या भावाच्या खोलीचं दार वाजवतं. एवढंच. आरडाओरडा नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी आवाज होऊ दिला नाही, पण तुम्हाला कळलं. तुम्ही शालीचं टोक माझ्याकडे सरकवलंत. तोंड पडद्याकडेच होतं. गोळी तुम्ही गिळली होतीत का अजून हातात होती, ते मला अंधारात दिसलं नाही. आतापर्यंत मी शेवटची रडले ती तिथं.

पिक्चर सुटल्यावर तुम्हाला लगेच घरी जायचं नव्हतं. रिक्षा मेहरूण तलावावर घ्यायला लावलीत. दुपारचे साडेतीन, काठावर कोणी नव्हतं, एक जण दोरीवर गोधड्या वाळत घालत होता. आपण सावलीतल्या बाकावर बसलो. तुम्ही चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाण्याकडे पाहत होतात. मग म्हणालात:

"रेखा, तुले काही सांगनं शे का माले?"

तुम्ही माझ्याशी अहिराणी बोलत नव्हतात. ती तुमची आबांशी आणि बापूशी बोलायची भाषा. माझ्याशी तुम्ही कायम शाळेतलं मराठी बोललात, कारण मी रावेरकडची, माझी बोली वेगळी, आणि तुम्हाला ती ऐकून हसू यायचं. वीस वर्षांत तुमच्या अहिराणीतलं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं, आबांचं सांगताना. हे दुसरं.

मी म्हणाले, "काही नाही, अक्का. थंडी वाजतेय का तुम्हाला?"

तुम्ही म्हणालात, "नही."

मग आपण बसून राहिलो. मी मनात वाक्य जुळवत होते. सुरुवात कुठून करायची, कॅन्सर हा शब्द आधी घ्यायचा की नंतर. अजून पाच मिनिटांनी, असं मी स्वतःला सांगत होते. तेवढ्यात तुम्ही बोललात.

"पिक्चरवालासनी वाट लाई टाकी," असं म्हणालात, आणि मग एकदम शाळेतल्या मराठीवर आलात. "तिनं सांगायला नको होतं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले, अक्का, वीस वर्षं तुम्ही उलटं म्हणत आलात. तुम्ही म्हणालात, माणसाचं मत बदलतं. आणि रिक्षा बघ म्हणालात. रिक्षात तुम्ही डोळे मिटून बसलात. घरी आल्यावर बापूने कसा होता पिक्चर विचारलं, तर आवाज फार होता असं सांगितलंत.

त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही. पंधरा दिवसांत तुम्ही धुळ्याला जायचं म्हणून हट्ट धरलात, तुमचं घर, तुमची खाट. मग दुखणं वाढलं आणि बोलणं कमी झालं. मी दर दुसऱ्या रविवारी बाटली भरून आणत होते आणि रिपोर्ट वाचत होते. शेवटच्या वेळी मी वाचत असताना तुम्ही डोळे मिटून घेतलेत. आकडे संपेपर्यंत मिटलेलेच होते. संपल्यावर म्हणालात, छान. शैलाबाईंचा विषय मी मुद्दाम काढला होता एकदा, शिरपूरला जाऊन यायचं का म्हणून. दिवाळी होऊ दे, मग बघू, असं तुम्ही म्हणालात. दिवाळीला तीन आठवडे राहिले असताना तुम्ही गेलात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. तुम्ही बाजू का बदललीत?

तुम्हाला माहीत होतं, आणि मला मोकळं करायचं होतं, असं एकदा वाटतं. रेखा, तू केलंस ते ठीक आहे, असं तुम्ही त्या पिक्चरच्या नावाने सांगितलंत. हे फार सोयीचं आहे, म्हणून माझा त्यावर विश्वास बसत नाही. मग वाटतं की खरंच मत बदललं असेल. दुसऱ्याच्या मरणाबद्दल बोलणं वेगळं, आणि पोटात दुखायला लागल्यावर वेगळं. तुम्हाला कळायला नकोच होतं, आणि 'दिवाळीनंतर' हे तुम्ही स्वतःसाठी ठेवलं होतं. हेही होऊ शकतं. पण मग तलावावर मला विचारलंत कशाला?

काल शैलाबाई गेल्यावर मी कप विसळत उभी होते आणि मला तिसरं सुचलं. आपल्या भांडणाची एक रीत होती. तुम्ही एक बाजू घ्यायची, मी दुसरी. तुम्ही जे म्हणाल त्याच्या उलट मी म्हणायचं, त्याशिवाय भांडण चालणार कसं. वीस वर्षं असंच झालं. त्या दिवशी तुम्ही सरळ विचारलंत, मी उत्तर दिलं नाही. मग तुम्ही माझी बाजू घेतलीत. म्हणजे तुमची बाजू मोकळी झाली. मी फक्त सवयीने उलट बोलायचं होतं. 'नाही अक्का, तिनं सांगायलाच हवं होतं,' एवढं म्हणायचं होतं, की पुढचं आपोआप तोंडातून निघालं असतं. तुम्ही विद्यार्थ्याला उत्तराच्या इतकं जवळ आणून सोडायचात, हे तुमचे विद्यार्थी अजून सांगतात. आणि मी रिक्षा बघायला उठले.

खरं काय ते मला कळणार नाही. तुम्ही माफ करणार नाही म्हणाला होतात, त्याचं काय झालं तेही कळणार नाही. बापूला मी हे काही विचारणार नाही. तो झोपू शकतो आहे, त्याला झोपू दे. मला झोप लागते, भूक लागते, फक्त आतून काही वाटत नाही. डॉक्टरांकडे गेले तर ते एक गोळी लिहून देतील, आणि ती मीच मला काउंटरवरून देईन. उद्या तेरावं झालं की आम्ही जळगावला निघू. परवा मेडिकल उघडायचं आहे.

त्याआधी मला भांडण पूर्ण करायचं आहे. तुम्ही म्हणालात, तिनं सांगायला नको होतं. मी तुमच्या विरुद्ध आहे. तिनं सांगायला हवं होतं, पहिल्याच दिवशी, तुम्ही दार ढकलून आत आलात तेव्हाच. बाकी सगळे बाहेर आहेत, दार लावलेलं आहे, मी तुमच्या खाटेवर बसले आहे आणि हे मोठ्याने बोलते आहे.

अक्का, तुम्हाला कॅन्सर झाला आहे. स्वादुपिंडात सुरू झाला आणि लिव्हरपर्यंत गेला आहे. ऑपरेशन होणार नाही. गोळ्या चालू केल्या तर पाच-सहा महिने मिळतील, असं डॉक्टर म्हणतात. गोळ्या घ्यायच्या की नाही, कोणाला सांगायचं, कोणाकडे जायचं, ते तुम्ही ठरवा.